चांदणी चौकाचा चढ, वीस इंची चाक आणि हब मोटरची निवड

कोथरूड डेपो मागे पडला की पौड रस्ता चांदणी चौकाकडे चढू लागतो. मोटारीत बसलेल्या माणसाला हा चढ जाणवतही नाही. पायडल मारणाऱ्याला तो मांड्यांत कळतो आणि विजेच्या सायकलीला मोटरच्या वेटोळ्यांत. या प्रकरणातली सायकल रोज संध्याकाळी हा चढ चढून बावधनला घरी जाते. सकाळी उतार आणि संध्याकाळी चढ, असा क्रम असल्यामुळे चढाच्या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली कधीच नसते. मोटरला जिथे सगळ्यात जास्त जोर लावायचा, तिथेच व्होल्टेज उतरलेलं असतं.

सायकल एका शिक्षिकेची आहे. पौड फाट्याजवळच्या शाळेत त्या शिकवतात, वय पन्नाशीच्या पुढे. सायकल घडीची, चाकं २० इंची, मागच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच बसवलेली मोटर. बाई राहतात ती इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. चार्जिंग घरातच होतं, त्यामुळे सायकल रोज घडी करून जिन्याने वर न्यावी लागते. वजन २१ किलो. हा आकडा मी वहीत सगळ्यात वर लिहून ठेवला, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरच ठरले.

तक्रार हळूहळू वाढत गेलेली होती. आधी चढावर मोटरचा आवाज बदलला, मग घरघर सुरू झाली, चढ संपल्यावर हबला हात लावला तर चटका बसायचा. शेवटी एका संध्याकाळी मोटर आत फिरतेय असं ऐकू येई, पण चाक पुढे जाईना. ज्या दुकानात त्या पहिल्यांदा गेल्या तिथे उत्तर तयार होतं: याचे गिअर मिळत नाहीत, हजार वॅटची मोटर टाकून घ्या, चढ कळणारसुद्धा नाही. बाई तोच निरोप घेऊन माझ्याकडे आल्या. मी विचारलं, "बाई, तुम्हाला नक्की काय हवंय?" त्या म्हणाल्या, "हे बघ, मला पळायचं नाहीये. चढावर मध्येच उतरून ढकलायला लागू नये, आणि मागून येणाऱ्या गाड्यांसमोर सायकल डगमगू नये. बास."

या दोन वाक्यांत वॅटचा उल्लेख कुठेच नाही. हवा होता तो कमी वेगातला, न थकणारा रेटा. डगमगण्याची गोष्टही खरी आहे. लहान चाकाची सायकल ताशी आठ किलोमीटरच्या खाली सरळ रेषेत ठेवणं कठीण जातं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकातला नवा पूल खुला झाल्यापासून त्या भागात गाड्या चांगल्याच वेगाने येतात. म्हणून चढावर १२ किलोमीटरचा वेग टिकला पाहिजे हे उद्दिष्ट धरलं.

हब उघडल्यावर

बाजूचं झाकण काढलं. आत नेहमीची रचना होती: मध्ये लहान गिअर, त्याभोवती नायलॉनचे तीन गिअर, आणि हबच्या कवचाला आतून दाते. मोटर पाच वेळा फिरते तेव्हा चाक साधारण एकदा फिरतं. तिन्ही नायलॉन गिअरांचे दाते टोकाला सारखेच चेपलेले होते. हा तपशील महत्त्वाचा. खड्ड्यातल्या दणक्याने किंवा अचानक थ्रॉटल (हँडलवरची मोटर चालवणारी मूठ) पिळल्याने दाते तुटले असते तर एखाद्या गिअरचे शेजारशेजारचे दोन-चार दाते मुळातून उडाले असते. इथे तिन्ही गिअर एकसारखे झिजले होते, ग्रीस काळं पडून सुकलं होतं आणि वेटोळ्यांवरचं वार्निश एका बाजूला तपकिरी झालं होतं. नायलॉन गरम होऊन मऊ पडलं आणि मऊ असतानाच त्यावर भार येत राहिला. म्हणजे गिअर हे दुखण्याचं लक्षण होतं, मूळ उष्णतेत होतं. नुसते नवे गिअर बसवले असते तर पुढच्या उन्हाळ्यात बाई पुन्हा हीच सायकल घेऊन दारात उभ्या राहिल्या असत्या. काहीजण पोलादी गिअर बसवा म्हणतात. त्याने दाते टिकतात, पण आवाज फार वाढतो, आणि उष्णता होती तिथेच राहून वेटोळ्यांचं इन्सुलेशन खात बसते.

गिअरवाल्या हब मोटरची एक अडचण अशी की तिची उष्णता बाहेर पडायला वाट अरुंद असते. वेटोळी आत, त्याभोवती चुंबकांचं फिरतं कवच, त्याबाहेर हवेची पोकळी आणि मग हबचं बाहेरचं कवच. बाहेरून हात लावून चटका बसतो तेव्हा आत त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं.

चढाचा हिशेब

चढ कुठे नेमका किती टक्के आहे यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी ४, ६ आणि ८ अशा तीन टक्क्यांचा हिशेब मांडला. बाई ६८ किलो, सायकल २१, वह्यांची पिशवी आणि डबा मिळून ६. एकूण ९५ किलो. आठ टक्के चढावर गुरुत्वाकर्षण मागे ओढतं ते सुमारे ७५ न्यूटनने. लहान टायरचं लोळणघर्षण ११ न्यूटन, १२ किलोमीटर वेगाला हवेचा विरोध तीन-चार. एकूण ९० न्यूटन धरू. या वेगाला त्यासाठी सुमारे ३०० वॅट लागतात. सहा टक्क्यांना हाच आकडा २३५ च्या आसपास येतो, आणि चारला पावणेदोनशेच्या आत.

बाई स्वतः ८० वॅट सहज देऊ शकतात; पन्नाशीच्या निरोगी माणसाला दहा मिनिटं ते जमतं. मग आठ टक्क्यांच्या तुकड्यावरही मोटरच्या वाट्याला २२० वॅट उरतात. २५० वॅटची मोटर हे करू शकते. नियम तपासायच्या आधी, बाजारात काय मिळतं हे बघायच्या आधी, या एका गुणाकाराने हजार वॅटचा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला होता.

आता चाकाचा आकार. टायर धरून २० इंची चाकाची त्रिज्या सुमारे २५ सेंटिमीटर, परीघ १.५६ मीटर. ९० न्यूटनचा रेटा देण्यासाठी या चाकाला २२ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) पुरतो. २६ इंची चाकाला तोच रेटा द्यायला ३० लागला असता. लहान चाक चढावर कमजोर पडतं असा समज पुष्कळांचा आहे, सायकल विकणाऱ्यांचासुद्धा. मोटरच्या बाजूने पाहिलं तर उलटं आहे: लहान चाक हा फुकट मिळालेला एक कमी गिअर आहे.

मग ही मोटर जळायला का आली? बाईंना मी चढावर त्या काय करतात ते विचारलं. पायडल जड जातं म्हणून त्या पाय थांबवून थ्रॉटल धरून ठेवत. अख्खा चढ मोटरच्या खांद्यावर. बाई पायडल मारत असतील तर मोटरच्या वाट्याला येणारा पीळ १६, तो २२ न्यूटन-मीटर होतो. आणि तांब्याच्या वेटोळ्यात होणारी उष्णता पिळाच्या प्रमाणात नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ चे २२ झाले की उष्णता जवळजवळ दुप्पट. बाईंचे ८० वॅट दिसायला थोडे, पण मोटरची निम्मी भाजणूक ते वाचवू शकत होते.

पायडल जड का जायचं हेही तपासलं, कारण बाईंनी आळस केला असं मला वाटत नव्हतं. पुढची दातेरी चकती ५२ दात्यांची, मागचा सगळ्यात मोठा गिअर २८. पायडलच्या एका फेरीत सायकल २.९ मीटर जाते. चढावर वेग नऊ-दहावर आला की पाय मिनिटाला पन्नाशीच्या फेऱ्यांवर येतात आणि गुडघे भरून येतात. घडीच्या सायकलींना मोठी चकती लावतात ती सपाट रस्त्यावर वेग मिळावा म्हणून. ती बदलून ४२ दात्यांची लावली आणि चेनच्या चार कड्या कमी केल्या. आता एका फेरीत २.३४ मीटर. १२ किलोमीटर वेगाला पाय मिनिटाला ८५ फेऱ्या मारतात, हलके आणि सलग. सपाटीवर १४ दात्यांच्या गिअरला २२ किलोमीटर वेगाने ७८ फेऱ्या होतात, म्हणजे तिथेही काही बिघडलं नाही. मोटर बदलायच्या प्रकरणातला सगळ्यात मोठा फायदा देणारा भाग पायडलला लागून होता, आणि सगळ्यात कमी खर्चाचाही तोच होता. हजार वॅटचा सल्ला देणाऱ्याने या चकतीकडे पाहिलंच नव्हतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असाच तो सल्ला होता.

हजार वॅट का नाही

तरी तो पर्याय मी कागदावर पूर्ण तपासला. बाईंच्या मुलाचा त्याकडे ओढा होता आणि त्याला उत्तर हवं होतं.

पहिलं कारण बॅटरी. ३६ व्होल्टवर हजार वॅट म्हणजे २८ अँपिअर. बाईंच्या बॅटरीत १० सेलच्या तीन रांगा, क्षमता ७.८ अँपिअर-तास, आतलं बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) १५ अँपिअरला बंद पडणारं. मोटर कितीही मोठी असो, बॅटरी तिला १५ च्या वर देणार नाही. बीएमएस बदललं तर प्रत्येक सेलवर नऊ अँपिअरच्या वर भार येईल, आणि साध्या क्षमतेच्या सेलना ते झेपत नाही. म्हणजे बॅटरीही नवी, मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलरही नवा, तारांच्या जाडीपासून सगळाच संच नवा.

दुसरं कारण वजन. हजार वॅटच्या बहुतेक हब मोटरी बिनगिअरच्या असतात आणि एकट्या सहा किलोच्या आसपास भरतात. जुनी मोटर दोन किलोची. मोठी बॅटरी धरली तर २१ किलोची सायकल २७ च्या पुढे गेली असती. मी मुलाला विचारलं, "तू पुण्याबाहेर असशील तेव्हा ही सायकल वर कोण नेणार?" त्यावर तो बोलला नाही, पण पुढे त्याने हा विषय काढला नाही.

तिसरं कारण कायदा, आणि ते मी शेवटचं म्हणून कमी महत्त्वाचं मानत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरच्या दुचाकीला मोटार वाहन न मानण्याच्या अटी स्पष्ट आहेत: ३० मिनिटं सलग देता येणारी शक्ती ०.२५ किलोवॅटच्या आत, कमाल वेग २५ किलोमीटरच्या आत, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. या चौकटीत आहे तोवर नोंदणी, लायसन, विमा यांची सक्ती नाही. चौकट ओलांडली की तीच सायकल बिननोंदणीचं मोटार वाहन ठरते. अपघात झाला तर विमा नाही, आणि समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली तर ती खिशातून. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा वाढवलेल्या ई-बाईकविरुद्ध राज्यभर तपासणी हाती घेतली होती. या गाड्यांची मान्यता चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), तर आपल्या कोथरूडच्या वेताळ टेकडीवरच आहे. एका शिक्षिकेला रोज शाळेत जाण्यासाठी बेकायदा वाहन बनवून द्यायचं, हे मला पटणारं नव्हतं.

फेरे आणि गिअरची घट

वेटोळी भाजलेली आणि गिअर गेलेले, त्यामुळे मोटर बदलायची तर होतीच. मग निवडताना काय पाहायचं?

दुकानात मोटरच्या अंगावरचे वॅट वाचतात. लहान चाकासाठी त्याआधी फेरे वाचावेत. ३६ व्होल्टवर भार नसताना हब मिनिटाला किती फेरे फिरतो तो आकडा. एकाच जातीची मोटर २०१, २६० किंवा ३२८ फेऱ्यांची मिळू शकते. आत वेटोळ्यांची वळणं कमी-जास्त असतात. २६ इंची चाकात २०१ फेऱ्यांना ताशी २५ किलोमीटर वेग येतो. तीच मोटर २० इंची चाकात घातली तर भार नसतानाच १९ च्या पुढे जात नाही, रस्त्यावर तर १६-१७ वर अडकते. याउलट ३२८ ची मोटर ३० च्या वर पळू पाहते. बाईंच्या जुन्या मोटरचं चाक स्टँडवर उचलून फिरवलं तर ३३ दिसत होते. म्हणजे ती वेगासाठी गुंडाळलेली होती.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो, म्हणून थोडं थांबतो. कमी फेऱ्यांची मोटर घेतली की ती आपोआप कमी तापते असं नाही. तेवढंच तांबं, तेवढाच लोखंडी गाभा असेल तर ठरावीक पिळासाठी वेटोळ्यांतली उष्णता दोन्हींत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो करंटमध्ये. जास्त फेऱ्यांच्या मोटरला तोच पीळ द्यायला फेजच्या, म्हणजे वेटोळ्यांना वीज नेणाऱ्या, तीन तारांतून जास्त अँपिअर लागतात. ते अँपिअर कंट्रोलरमधले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे भाग) तापवतात, अॅक्सलमधून जाणारी बारीक केबल तापवतात, कनेक्टरच्या पिना तापवतात. बाईंच्या जुन्या कनेक्टरची एक पिन खरोखरच काळी पडली होती. त्यामुळे फेरे कमी करण्याचा फायदा कंट्रोलर आणि तारांना मिळतो. मोटरच्या पोटातली उष्णता कमी करायची असेल तर गाभा मोठा घ्यावा किंवा आतल्या गिअरची घट वाढवावी.

मोठा गाभा म्हणजे वजन, तो रस्ता जिन्याने बंद केला होता. उरली गिअरची घट. लहान हबमध्ये दोन टप्प्यांची घट असलेल्या मोटरी मिळतात. आतली मोटर सुमारे ११ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. बाईंच्या चढाला चाकावर १६ न्यूटन-मीटर लागतात. जुन्या रचनेत आतल्या मोटरला त्यातले ३.२ द्यावे लागायचे, नव्या रचनेत दीडच्या आत. गिअरांनी जागा खाल्ल्यामुळे आतला गाभा थोडा लहान असतो, म्हणून फायदा वर्गाच्या हिशेबाने पूर्ण मिळत नाही, पण मिळतो तो भरपूर असतो. वजन सव्वादोन किलो, म्हणजे जुन्यापेक्षा पाव किलोच जास्त. सलग शक्ती २५० वॅटच्या मर्यादेतली. फेरे २६० चे निवडले. भरलेल्या बॅटरीवर चाक उचलून २७-२८ दाखवतं, रस्त्यावर भारासकट २१-२२, आणि कंट्रोलरमध्ये २५ ची मर्यादा वेगळी घातली आहे.

कंट्रोलर ३६ व्होल्टचाच, कमाल १४ अँपिअरचा घेतला, म्हणजे बीएमएसच्या १५ च्या खाली. नव्या मोटरमध्ये वेटोळ्यांजवळ तापमानाचा सेन्सर होता, म्हणून तो वाचणारा कंट्रोलर शोधला. तापमान ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की तो करंट हळूहळू कमी करतो. या एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे द्यायला मी कोणालाही सांगेन.

चाक बांधणं

हब मोटर बदलणं म्हणजे निम्मं काम चाक बांधणीचं. हबच्या कडांचा व्यास बदलला, म्हणून चाकाच्या तारांची (स्पोकची) लांबी बदलली. नाना पेठेत चाकं बांधणाऱ्या एका काकांकडे हब आणि रिम नेली. जुन्या चाकात जाड, १३ गेजच्या तारा होत्या. मोटर म्हणजे जाड तार, असं सगळेच समजतात. काकांनी हबची कड हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्या आखूड मापाला जाड तार ताणलीच जात नाही. मग ती सैल पडते, आणि सैल पडली की वाकावर तुटते. १४ गेज घ्या, डोक्याखाली वायसर घालतो." ते बरोबर होतं. हबची भोकं जाड तारेसाठी पाडलेली असल्याने वायसर लागलाच. बांधणी एकफुलीची केली, म्हणजे प्रत्येक तार एकाच तारेला छेदून जाते. लहान रिम आणि रुंद हब यांच्यात दोन-तीन फुल्या घातल्या तर तार निपलमधून तिरकी निघते आणि तिथेच तुटते. चाक काकांनी आउट काढून दिलं. आठवडाभर चालल्यावर पुन्हा ताण तपासायला बोलावलं, आणि तेव्हा खरंच काही तारा उतरलेल्या निघाल्या. नव्या चाकाची ही दुसरी फेरी टाळू नये.

मग अॅक्सल. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे दुर्लक्ष झालं तर माणूस जखमी होतो. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा अॅक्सलला तेवढाच पीळ उलट दिशेने बसतो. अॅक्सलच्या दोन बाजू तासून १० मिलिमीटरवर सपाट केलेल्या असतात आणि त्या फ्रेमच्या खाचेत बसतात. चढावर निघताना ४० न्यूटन-मीटरचा झटका आला तर १० मिलिमीटरच्या अंतरात तो ४,००० न्यूटन होतो, म्हणजे ४०० किलोचं वजन खाचेच्या दोन काठांवर. फ्रेम अॅल्युमिनियमची. खाच हळूहळू रुंदावते, अॅक्सल एकदा फिरला की केबलला पीळ पडून ती तुटते, आणि चाक बाहेर येऊ शकतं. जुन्या मोटरला फक्त दात्याचा वायसर होता. त्या खाचेचा काठ भिंगातून पाहिल्यावर चेपलेला दिसला. नव्याला दोन्ही बाजूंना तो वायसर, आणि डाव्या बाजूला पोलादी टॉर्क आर्म, म्हणजे अॅक्सलला फिरू न देणारी पट्टी. मागे रिमचा ब्रेक असल्यामुळे डावी बाजू मोकळी होती. आर्मचं दुसरं टोक मागच्या नळीला १० सेंटिमीटरवर पकडलं. आता तोच झटका तिथे ४०० न्यूटनचा होतो आणि नळी तो सहज सोसते. नट टॉर्क पान्याने आवळले. हाताच्या अंदाजावर हे सोडू नये.

फ्रेमच्या दोन खाचांमधलं अंतर १३५ मिलिमीटर होतं आणि हबही त्याच मापाचा मागवला. सात गिअरांचं फ्रीव्हील चुडीवर बसणारं, ते जुन्या हबवरून नव्यावर गेलं.

तारांचं काम लवकर झालं. नऊ पिनांचा कनेक्टर: तीन फेज, हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते सांगणाऱ्या) पाच, आणि एक जास्तीची. कंट्रोलर वेगळ्या बनावटीचा असल्याने रंगांवर विश्वास ठेवला नाही. हॉलच्या तारा तशाच ठेवून फेजच्या तीन तारांच्या सहा जुळण्या होतात. बरोबर जुळणीत चाक उचललेलं असताना करंट एक अँपिअरच्या आसपास राहतो आणि आवाज सुरेख येतो. चुकीच्या जुळणीत मोटर गुरगुरते आणि करंट कितीतरी जास्त खाते. हे थ्रॉटल अगदी किंचित देऊन पाहावं. केबल अॅक्सलमधून बाहेर पडते तिथे खाली झोळ ठेवला, म्हणजे जूनमधला पाऊस तारेवरून ओघळून अॅक्सलमध्ये शिरण्याऐवजी झोळाच्या तळाशी गळून पडेल. घडी घातल्यावर सायकल कोणत्या कुशीवर टेकते तेही पाहून घेतलं. केबलच्या बाजूवर ती कधी आडवी पडू नये म्हणून बाईंनी जिन्यात ठेवायची बाजू बदलली. ब्रेकच्या दांड्यांमधली मोटर बंद करणारी तार जोडली आणि सकाळच्या उतारासाठी रबरं नवी टाकली.

चढावर

एप्रिलच्या एका संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, बॅटरी नेहमीसारखी उतरलेली असताना बाई निघाल्या. मी मागे माझ्या सायकलवर. वेग १२ ते १३ वर टिकला, करंट आठ-नऊ अँपिअरच्या आत, व्होल्टेज ३५ च्या खाली अगदी थोडा वेळ गेलं. चौकाजवळ पोहोचल्यावर वेटोळ्यांचं तापमान ऐंशीच्या घरात होतं. हवेचं तापमान लक्षात घेता ही स्थिती समाधानाची आहे. वेटोळ्यांचं इन्सुलेशन याच्या कितीतरी वर टिकतं आणि नायलॉनलाही हे मानवतं. त्यानंतर बाईंना मी पाय थांबवून फक्त थ्रॉटलवर तोच चढ चढायला सांगितलं, पुढच्या आठवड्यात, मुद्दाम. तापमान शंभराच्या पुढे गेलं आणि कंट्रोलरने करंट कापायला सुरुवात केली. ते पाहिल्यावर बाईंनी चढावर थ्रॉटलला हात लावायचं सोडलं. मी कितीही सांगितलं असतं तरी स्क्रीनवरच्या त्या आकड्याइतकं ते पटलं नसतं.

खर्च किती विजेचा? सगळा चढ आठ टक्क्यांचाच आहे असं धरलं तरी दोन किलोमीटरना ५० वॅट-तास. बॅटरीत २८० आहेत. जाऊन-येऊन चार्ज शिल्लक राहतो.

तोटेही आहेत आणि ते बाईंना आधीच सांगितले होते. दोन टप्प्यांच्या गिअरांचा बारीक सूर ऐकू येतो, विशेषतः निघताना. सायकल मागे ढकलली की मोटर आतून अडते, त्यामुळे जिन्यात वळवताना मागचं चाक उचलावं लागतं. सपाटीवर जुनी मोटर २५ ला सहज पोहोचायची, ही २२ ला थांबते. वनाज ते पौड फाटा या पट्ट्यात बाईंना हे दोन-तीन दिवस खटकलं. सिग्नलपाशी सगळे पुन्हा एकत्रच भेटतात हे त्यांच्याच लक्षात आलं आणि तक्रार थांबली. गिअरांचं ग्रीस पहिल्या पावसाळ्यानंतर उघडून पाहायचं ठरलं आहे. बॅटरीच्या सेलांचं वय झालंय, दीड-दोन वर्षांत ती बदलावी लागेल; तेव्हाही ३६ व्होल्टचीच घ्यायची, कारण ४८ घेतली की हेच २६० फेरे ३४७ होतात आणि निवडीचा सगळा हिशेब मोडतो.

बाईंच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी आता त्यांची १६ इंची सायकल दाखवायला आणली आहे. त्यांनाही "हीच मोटर" हवी आहे. त्या चाकाचा परीघ सव्वा मीटर. २६० फेऱ्यांना भार नसताना १९.५ किलोमीटरच वेग मिळेल. त्यांना ३२८ ची वळणं लागतील, म्हणजे २४.६. मोटर त्यांच्या पुढच्या चाकात आहे आणि पुढच्या चिमट्याच्या दोन खाचांमधलं अंतर घडीच्या सायकलींमध्ये १०० ऐवजी ७४ मिलिमीटरचंही असतं, म्हणून मागणी नोंदवण्याआधी तिथे कॅलिपर लावायचा आहे.